हिला झूम नाही!

"मराठी विभाग रिकामा पडलाय गं, तू काहीतरी दे," असं आमच्या मॅगझिनच्या संपादक मंडळातली सीनियर मेसच्या रांगेत म्हणाली, तेव्हा माझ्या हातातलं ताट पडायचंच बाकी होतं. मी? आणि मराठीत? माझं सगळं शिक्षण नाशिकच्या एका कॉन्व्हेंटमधलं. घरी मराठी, शाळेत इंग्लिश, आणि आता हॉस्टेलवर दोन्हीची मिसळ! अजूनही कोणी 'एकोणसत्तर' म्हणालं की मला आधी सत्तरपर्यंत चढावं लागतं आणि मग एक पायरी खाली उतरावं लागतं. हा आकड्यांचा घोळ पुढे लेखात येणारच आहे, म्हणून कबुली आधीच देऊन ठेवते. शुद्धलेखनाचं तपासणाऱ्या मॅडमनी सांभाळून घ्यावं, ही विनंती.

तर विषय आहे एक लेन्स. एवढीशी. वजन १२० ग्रॅम, म्हणजे एका मध्यम कांद्याएवढं. जाडी अडीच सेंटिमीटरच्या जरा आतच. कॅननची २८ मिमी एफ २.८, जी २०२३ मध्ये बाजारात आली. आमच्या फोटोग्राफी क्लबमध्ये तिला सगळे 'बिस्किट' म्हणतात.

ज्यांना कॅमेऱ्यातलं काही कळत नाही (आणि कळून घ्यायचंही नाही!) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लेन्स दोन जातीच्या असतात. एक झूम, म्हणजे रिंग फिरवली की लांबचं जवळ येतं. दुसरी प्राइम. हिची फोकल लेंग्थ ठरलेली. रिंग फिरवून काही जवळ येत नाही, आपणच जवळ जायचं. मग अशी लेन्स घ्यायची कशाला? तर उजेडासाठी. माझ्या कॅमेऱ्याबरोबर आलेली झूम लेन्स एफ ४.५ ते ६.३ ची. एफ-नंबर म्हणजे फोकल लेंग्थ भागिले छिद्राचा व्यास. नंबर जितका लहान, तितकं छिद्र मोठं. आणि उजेड त्या नंबरच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. हिशोब करा : ४.५ च्या तुलनेत २.८ ला अडीचपट उजेड, ६.३ च्या तुलनेत पाचपट! गॅदरिंगला स्टेजवर नाच चालू असताना ज्यांचे चेहरे माझ्या फोटोत भुतासारखे आलेत, त्यांना हा फरक वेगळा समजावून सांगायला नको.

आणि ती इतकी चपटी का, तर त्याचं उत्तर मिररलेस या शब्दातच आहे. जुन्या एसएलआर कॅमेऱ्यात लेन्स आणि सेन्सर यांच्या मध्ये एक आरसा असायचा, तो वर उचलला जायला जागा लागायची. कॅननच्या जुन्या माउंटमध्ये लेन्स बसते तिथपासून सेन्सरपर्यंतचं अंतर ४४ मिमी होतं. आता साधं भिंग २८ मिमीचं असेल तर ते सेन्सरपासून २८ मिमीवर हवं, पण तिथं तर आरसा! मग उलट्या दुर्बिणीसारखी जास्तीची भिंगं लावून कसरत करायची. मिररलेसमध्ये आरसाच काढून टाकला, नव्या माउंटमध्ये अंतर २० मिमीवर आलं, आणि भिंगाला सेन्सरच्या जवळ जायला वाट मोकळी झाली. मधली अडचण काढली की जवळ जाता येतं, इतकं सोपं! (हे वाक्य लिहिताना मला वाटलं की हा ऑप्टिक्सचाच मुद्दा आहे. लेख पूर्ण झाल्यावर तसं वाटेना.)

कॅमेरा बाबांनी घेऊन दिलेला, कॅननचा आर ५०. लेन्स मात्र मी घेतली. सेकंड हँड, १७ हजारांना. त्यातले दोन हजार क्लबच्या कामातून जमवलेले. आणि पंधरा हजार...

इथं जरा थांबते. कारण हा लेख खरं तर त्या पंधरा हजारांचा आहे.

माझे आजोबा, म्हणजे आमचे आबा, लासलगावजवळ शेती करतात. कांदा, दुसरं काय! जून महिन्यात मी हॉस्टेलला परत निघाले तेव्हा आबांनी पिशवीतून नोटा काढून माझ्या हातात ठेवल्या. "पुस्तकाला लागतील, ते तुमचं प्रोजेक्ट का काय त्याला लागतील." आजी म्हणाली, "मोजून घे गं." मी मोजले. पंधरा हजार. पुढच्या महिन्यात पुस्तकं मी लायब्ररीतून घेतली, प्रोजेक्टचा खर्च आम्ही चौघींनी वाटून घेतला, आणि पंधरा हजारांचं बिस्किट आलं. घरी काही सांगितलं नाही. विचारलंच नाही कोणी! असं मी स्वतःला सांगत होते.

दिवाळीला गावी गेले. कॅमेरा काढून आजीच्या रांगोळीचे फोटो काढत होते, तर आबा ओट्यावर येऊन बसले.

"काय करू राहिली?"

"फोटो काढतेय. नवीन लेन्स आहे आबा."

"दाखव बरं." त्यांनी ती तळहातावर घेऊन कांदा पारखावा तशी फिरवून पाहिली. "लहान हाये. याच्यानं लांबचं जवळ येतं का?"

"नाही. हिला झूम नाही. आधीची होती, तिला होता."

"मंग? कमी भेटतं, अन् पैसे जास्त?"

यावर काय बोलणार! मी म्हटलं, "अंधारात चांगला फोटो येतो. आणि जवळचा हवा असेल तर आपणच चालत जायचं."

"त्यात नवीन काय?" आबा म्हणाले. "कितीला?"

आणि मी म्हणाले, "अडीच हजार."

मित्रमैत्रिणींनो, हे मी का म्हणाले ते मला अजून कळलेलं नाही. व्हायवाला उत्तर येत नसलं की आपण जसं काहीतरी ठोकून देतो, तसं ते तोंडातून गेलं. आबांनी मान हलवली आणि लेन्स परत दिली.

दिवाळीच्या बंदनंतर बाजार समिती उघडली. आबांनी ठरवलं, चाळीतला राहिलेला उन्हाळ कांदा आता काढायचा. ज्यांनी चाळ पाहिली नसेल त्यांच्यासाठी : पट्ट्यापट्ट्यांची लांबलचक शेड, बाजूनं हवा खेळेल अशी, आत छातीएवढा कांदा. डिसेंबर-जानेवारीत लावलेला उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो, आणि भाव येईल या आशेवर चाळीत बसतो. बसून बसून तो वजनाला घटतो, काही सडतो, काहीला कोंब येतात. कोंब थांबवायला भाभा अणुसंशोधन केंद्रानं लासलगावातच विकिरण केंद्र उभारलेलं आहे, कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांचं. सेमिनारसाठी मस्त टॉपिक! पण आमचा कांदा आपला चाळीतच असतो.

आदल्या रात्री सगळं घर कांदा निवडायला बसलं. एका वायरवर लोंबकळणारा एकच बल्ब. आजी, काकू, शेजारच्या दोघी जणी. चांगला एकीकडे, गोल्टी दुसरीकडे, कोंब आलेला आणि सडका तिसरीकडे. इथं माझी झूम लेन्स कधीच हार मानून बसली असती. नव्या लेन्सनं साठाव्या भागाच्या सेकंदात फोटो येत होते. पट्ट्यांमधून आत पडलेल्या उजेडाच्या रेघा, आजीच्या बोटांना चिकटलेले पापुद्रे, सगळं येत होतं. मी खूश! पण झूम नसल्यामुळे मला जवळ बसावं लागत होतं, आणि जवळ बसलं की तिसरा ढीग दिसत होता. आणि त्याचा वासही येत होता, जो फोटोत येत नाही. तासाभरानं तिसरा ढीग पहिल्याच्या निम्मा झाला. काकू म्हणाली, "कॅमेरा ठेव अन् बस इकडं, दोन हात होतील." मी बसले.

सकाळी ट्रॅक्टरवर काका, मागं पिकअपमध्ये आबा आणि मी. लासलगावची बाजार समिती १९४७ ची. आशियातली सगळ्यात मोठी कांदा बाजारपेठ म्हणून तिचं नाव आपण सामान्य ज्ञानाच्या पुस्तकात पाठ केलेलं असतं. प्रत्यक्षात तिथं गेलं की दिसतात नुसत्या रांगा. ट्रॅक्टरच्या, पिकअपच्या. मोकळा कांदा भरलेला, आणि प्रत्येक वाहनाजवळ एकेक माणूस उभा. व्यापाऱ्यांचा घोळका एका वाहनाकडून दुसऱ्याकडे सरकतो. कांदा हातात घेऊन पाहतात, पुकारा होतो, मिनिटाच्या आत भाव ठरतो, चिठ्ठी हातात पडते, आणि घोळका पुढे. शेतकऱ्याच्या सहा-सात महिन्यांचा निकाल एका मिनिटात! आपल्याला तर निदान तीन तासांचा पेपर लिहायला मिळतो.

मागच्या वर्षीही मी इथं आले होते, झूम घेऊन. तेव्हा एका कडेच्या ओट्यावर उभं राहून 'छान छान' फोटो काढले होते. रंगीत फेटे, टोप्या, लाल-गुलाबी कांद्याचे डोंगर. क्लबच्या प्रदर्शनात त्यातला एक लागलाही होता. या वेळी ओट्यावरून पाहिलं तर फ्रेममध्ये सगळे मुंगीएवढे. उतरण्यावाचून इलाज नव्हता.

उतरले. घोळक्याजवळ गेले. सगळे पुरुष, आणि मध्येच जीन्समधली मी! एकानं विचारलं, "ताई, कोणत्या पेपरच्या?"

"पेपरची नाही. इंजिनिअरिंगला आहे."

"मंग भाव वाढायचं मशीन बनवा ना एखादं!" सगळे हसले, मीही हसले. आणि गंमत म्हणजे त्यानंतर मला कोणी हटकलं नाही. बोलणं झालं की माणसं वाट देतात. ओट्यावरून झूमनं फोटो काढताना मी कोणाशी एक शब्द बोलले नव्हते.

मग घोळका आमच्या ट्रॉलीपाशी आला. मी आबांपासून दोन हातांवर. आबांचा एक हात ट्रॉलीच्या फाळक्यावर. पुकारा सुरू झाला. "नऊशे... साडेनऊशे... हजार..." इथपर्यंत मला समजलं. पुढं आकडे इतक्या वेगानं आले की माझा जिना कोसळला. शेवटी कानावर पडलं "एक हजार एकोण..." आणि पुढचं गेलं. एकोणऐंशी? एकोणसत्तर? एकोणनव्वद? मला कळलं नाही. माझ्या आजोबांच्या कांद्याचा भाव मला माझ्याच भाषेत कळला नाही.

पण मी व्ह्यूफाइंडरमधून बघत होते. एक कांदा घरंगळून फाळक्यापर्यंत आला होता. आबांनी तो उचलला, अंगठ्यानं त्याचा सुटलेला पापुद्रा काढला, आणि तो परत ढिगावर हळूच ठेवला. चेहरा होता तसाच. फक्त नजर घोळक्याकडून खाली मातीकडे गेली. भाव मला तिथं कळला. मी बटण दाबलं.

"आबा, किती?"

त्यांनी चिठ्ठी पुढे केली. १०७९.

ट्रॉली व्यापाऱ्याच्या खळ्यावर गेली, काट्यावर चढली. माल चोवीस क्विंटल भरला. म्हणजे २५,८९६ रुपये. माझ्या डोक्यातला कॅल्सी आपोआप सुरू झाला, बंदच होईना. पंधरा हजार भागिले १०७९... जवळजवळ चौदा क्विंटल. चोवीसपैकी चौदा! फाळक्यापासून अर्ध्याच्या पुढं ट्रॉली माझ्या गळ्यात लटकत होती. वजन १२० ग्रॅम.

आणि त्या पैशातून अजून आबांच्या वहीतला खर्च वजा व्हायचा होता. बियाणं, लागवडीची मजुरी, खत, काढणी, डिझेल. भाव का पडतो, का चढतो, यावर आमच्या घरी रोज चर्चासत्र असतं. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली, ती मे २०२४ मध्ये उठली. मी तेव्हा फर्स्ट इयरला होते. माझ्यापर्यंत ती बातमी 'मेसमध्ये कांदाभजी पुन्हा सुरू' एवढ्याच रूपात पोहोचली होती. आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या!

परतीच्या वाटेवर मी स्वतःसाठी वकिली करत बसले. म्हटलं, कॅमेऱ्यापायी घरचा पैसा घालणारी मी नाशिक जिल्ह्यातली पहिली नाही. दादासाहेब फाळके आमच्याच जिल्ह्यातले, १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरला जन्मलेले. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, शाळेची सहल तिथं ठरलेली. विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ मध्ये लंडनला गेले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. पैसे लावणाऱ्यांचा विश्वास बसावा म्हणून त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचं रोप उगवतानाची फिल्म काढली, रोज थोडी थोडी. एका जागी कॅमेरा, समोर एक रोप, आणि धीर. पुढच्या वर्षी 'राजा हरिश्चंद्र' आला. म्हणजे बघा, मी काही जगावेगळं केलं नव्हतं!

पण ही वकिली विंचूर रस्त्यालाही टिकली नाही. फाळक्यांनी गहाण टाकली ती स्वतःची पॉलिसी. आणि सरस्वतीबाईंचे दागिने गेले तेव्हा त्या अंधारात नव्हत्या. त्या स्वतः फिल्म धुवायला, तिला भोकं पाडायला, सगळ्या युनिटचा स्वयंपाक करायला उभ्या होत्या. आमच्या केसमध्ये चौदा क्विंटल ज्याचे, त्यालाच माहीत नव्हतं. माझ्यापेक्षा आबांना वाटाण्याचं रोप जास्त कळलं असतं, आणि मी त्यांना अडीच हजार सांगितले होते.

रात्री जेवणं झाल्यावर आबा ओट्यावर वही घेऊन बसले. मी समोर जाऊन बसले. लांबून सांगता आलं असतं. हॉस्टेलला परत गेल्यावर फोनवर, किंवा आईकरवी. पण दोन दिवस त्या लेन्सनं पायांना एक सवय लावली होती.

"आबा, ती लेन्स अडीच हजारांची नाही. सतरा हजारांची आहे. जूनमध्ये तुम्ही दिलेले सगळे त्यात गेले."

आबा काही बोलले नाहीत. आजी आतून भांडी घासायची थांबली, ते मला ऐकू आलं. मग आबांनी विचारलं, "अन् पुस्तकं?"

"लायब्ररीतून."

"पास झाली ना?"

"हो."

परत शांतता. मला वाटलं होतं ओरडतील, किंवा "जाऊ दे पोरी" म्हणतील. दोन्ही झालं नाही. ते म्हणाले, "दाखव काय काढलं ते."

मी कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर एकेक फोटो दाखवला. चाळीतल्या उजेडाच्या रेघा. आजीची बोटं. तिसरा ढीग. मग तो, ट्रॉलीजवळचा. आबांनी कॅमेरा डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, चष्मा लावून पुन्हा पाहिला.

"हा मी आहे व्हय?" आणि थोड्या वेळानं, "मला वाटलं कोणी पाहू नाही राहिलं."

एवढंच. मग वही उघडून खर्चाच्या पानावर त्यांनी लिहिलं. वाकड्या पण स्वच्छ अक्षरात : 'नात. उसने. १५,०००.' आणि मला म्हणाले, "चाळीत ठेवू नको ती वस्तू. ठेवली का कोंब येता. काम कर तिच्यानं, अन् फेड."

खरं सांगू? माफ केलं असतं तर मी आठवड्यात विसरले असते. वहीत नाव चढल्यावर विसरता येत नाही.

डिसेंबरमध्ये मैत्रिणीच्या ताईच्या साखरपुड्याचे फोटो काढले, त्याचे तीन हजार मिळाले. घरी जाऊन आबांच्या हातात दिले. मला आतून वाटत होतं की ते परत करतील. आजोबा आहेत, शेवटी! त्यांनी शांतपणे मोजले, पिशवीत ठेवले, आणि वहीत 'जमा ३,०००' लिहिलं. खाली सही करायला लावली. मी मराठीत सही केली. मला वाटतं, दहावीनंतर पहिल्यांदाच.

क्लबमध्ये आम्ही होमाई व्यारावालांचे फोटो बघत होतो, मुंबईत शिकलेल्या, देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. त्यांच्याकडे रोलायफ्लेक्स होता, त्याची लेन्स तर बदलताच यायची नाही. आमच्यातला एक जण म्हणाला, "बिना झूमचं कसं काय करायच्या?" मी म्हटलं, "चालत जाऊन." सगळे हसले. मी विनोद केला नव्हता.

तो ट्रॉलीजवळचा फोटो यंदा मी प्रदर्शनाला दिला नाही. आबांना विचारलं होतं. ते म्हणाले, "घरातच राहू दे." त्याची एक प्रिंट आजीनं कपाटात पोथीच्या खाली ठेवली आहे. फोटो चांगला की वाईट, मला सांगता येत नाही. पण तो काढताना माझ्या आणि आबांच्या मध्ये दोन हातांचं अंतर होतं, आणि एक आरसा कमी होता.

असो! फार गंभीर झालं. सबमिशन जवळ आलंय आणि जर्नलचे सहा प्रयोग बाकी आहेत. वहीत अजून बाकी आहे ती १२,०००. (बारा मला नीट कळतं!) तेव्हा हॉस्टेलवाल्यांनो आणि स्टाफमधल्या सर-मॅडमनो, कोणाकडे साखरपुडा, बारसं, वाढदिवस, काहीही असेल तर रूमवर निरोप ठेवा. फोटो मनापासून काढते, दर माफक.

फक्त एक गोष्ट आधीच सांगते. हिला झूम नाही. मी जवळ येणार.

(टी. ई. मेकॅनिकल)